लॅपटॉपला बेअरिंगचं ग्रीस

आमच्या भावकीत लॅपटॉपला ग्रीस लावणारा मी पहिला माणूस. शेवटचाही मीच असावा, अशी माझ्या मुलीची इच्छा आहे.

मुलगी म्हणजे वृषाली. तेव्हा ती अवसरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मी कळंबला रस्त्याकडेला पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरतो. वीस-बावीस वर्षं झाली. त्यामुळे जिथं वायर आहे, पंखा आहे आणि हाताला चटका बसतोय, तिथं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता.

त्या उन्हाळ्यात तिचा लॅपटॉप तापायला लागला. दहा मिनिटं चालला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि गप्पकन बंद पडायचा. सोमवारी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, बाहेरगावचे सर येणार, आणि वर्षभराचं काम त्या यंत्राच्या पोटात. शनिवारी सकाळी ती मंचरला निघाली. जाताना म्हणाली, "पप्पा, मी आल्यावर बघते. तवर हात लावू नका."

(हे तिनं मला न सांगता तिच्या आईला सांगितलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.)

ती वळणाआड गेली आणि मी स्क्रूड्रायव्हर काढला. पोरगी येईस्तोवर काम उरकावं, तिच्या डोक्याचा ताप जावा, एवढाच हेतू. अकरा स्क्रू निघाले, पण झाकण काही हलेना. मग मोटारीच्या वायंडिंगमध्ये खोचायची बांबूची पट्टी फटीत घातली आणि जरा जोर दिला. कट् असा आवाज झाला. मी बायकोकडे पाहिलं. सुनंदानं देवाकडे पाहिलं.

आत पंख्याला कांद्याच्या सालीचा भुगा चिकटला होता. आमच्या ओसरीत कांदा निवडतात आणि तिथंच बसून ही अभ्यास करते, म्हणजे रोग सापडला! दुकानातला ब्लोअर आणला आणि हवा मारली. पंखा असा काही भणाणला, की सुनंदा दोन पावलं मागं सरली. "अवं, इमानावानी आवाज येतोय. उडंल ते," ती म्हणाली. मी म्हटलं, चांगलं लक्षण आहे.

नीट पुसता यावा म्हणून पंखा सोडवून बाहेर काढला. त्याच्या शेजारी तांब्याची पट्टी होती. तिच्याखाली चिपवर कसलासा मलम वाळून खपली झाला होता. तो खरवडून काढला. आता नवीन काय लावायचं? घरात तूप होतं, व्हॅसलीन होतं आणि बेअरिंगचं ग्रीस होतं. तिन्हीत ग्रीसच जास्त शास्त्रीय वाटलं. बोटभर लावलं, सगळं परत बसवलं. नऊ स्क्रू लागले, दोन उरले. मोटारीतही एखाददुसरा उरतोच.

बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही.

वर्षभर ही पोरगी मान मोडेपर्यंत त्याच्यासमोर बसली होती, आणि मी पाऊण तासात त्याचा निकाल लावला होता. चार्जर खोचला तर दिवा लागला. पडदा उजळला. मी सुनंदाला म्हणणार होतो, बघ, तेवढ्यात वास आला. भीमाशंकरचा घाट उतरताना एसटीच्या ब्रेकला येतो ना, तसा. आणि पडदा काळा झाला.

वृषाली आली तेव्हा आम्ही दोघं लॅपटॉपच्या दोन बाजूंना बसलो होतो. तिच्या हातात छोटीशी ट्यूब होती. चिपची उष्णता ओढून घेणारा तो मलमच आणायला ती मंचरला गेली होती.

"काय लावलं, पप्पा?"

"ग्रीस."

"कसलं?"

"बेअरिंगचं," मी म्हणालो. चांगल्यातलं होतं हेही सांगणार होतो, पण तिचं तोंड बघून ग्रीसचा डबा पाठीमागं सरकवला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला उंबऱ्याबाहेर बसायला सांगितलं आणि झाकण उघडलं. थोड्या वेळानं आतून शांत आवाज आला, "पप्पा, पंख्याची पिन लावलीच नाय तुमी." बावीस वर्षं वायरी जोडणाऱ्या माणसानं पंखाच जोडला नव्हता. ती स्पिरिटच्या बोळ्यानं ग्रीस पुसत राहिली आणि मी बाहेर बसून चपलेचा अंगठा उसवत राहिलो. फाइल गेली असेल तर हिला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात. अर्ध्या तासानं लॅपटॉप सुरू झाला आणि घरघर न करता चालू राहिला. प्रोजेक्ट जागेवर होता. सुनंदानं डोळे पुसले. मी पुसले नाहीत, कारण हाताला ग्रीस होतं.

सोमवारी तिला मोटारसायकलवरून कॉलेजला सोडलं. मॉडेलचं खोकं जड होतं म्हणून वर्गापर्यंत उचलून नेलं आणि दाराशी घुटमळलो. प्रोजेक्टचा विषय मी वर्षभरात कधी विचारला नव्हता. तो तिथं कळला: पाण्याची मोटार तापली की जळायच्या आत आपोआप बंद करायची. माझी छाती फुगली. पोरीनं बापाचाच धंदा निवडला होता.

बाहेरगावच्या सरांनी तिला विचारलं, मोटारी इतक्या वेळा तापून जळतात हे कशावरून म्हणतेस, माहिती कुठून गोळा केली?

वृषालीनं एकदा दाराकडे पाहिलं, मग मान खाली घालून म्हणाली, "सर, पप्पांनी दुरुस्त केलेल्या मोटारी किती दिवसांत जळून परत येतात, ते वर्षभर या वहीत लिहून ठेवलं."

सर वही चाळतच राहिले. इतकी भरपूर माहिती आजवर कुणीच आणली नव्हती, म्हणाले.