मंगळावरचा पाहुणा

भोरच्या वाचनालयातून मी ते पुस्तक आणलं ते केवळ हाताशी आलं म्हणून. विनोदी कादंबरी, आणि तीही परग्रहावरच्या माणसाची! विज्ञान म्हणजे आमच्या दृष्टीनं परीक्षेचा विषय. त्यात हसण्यासारखं काय असणार, असं म्हणत नसरापूरच्या फाट्यावर वेल्ह्याच्या एसटीची वाट बघताना मी ते उघडलं.

पहिल्याच पानावर मंगळावरचा एक तीन डोळ्यांचा गृहस्थ यानातून उतरतो तो थेट जकात नाक्यावर. नाक्यावरच्या कारकुनाला त्याच्या डोळ्यांचं काहीच नवल नाही. यान पितळेचं की पत्र्याचं, एवढंच त्याला कळायला हवं, कारण दर वेगवेगळे. ते ठरवणारे साहेब जेवायला गेलेत, तोवर बाकावर बसा. पाहुणा मुकाट्यानं बसतो. मी खो खो हसले. शेजारचे म्हातारबाबा दचकून सरकून बसले. सांगावं तरी कुणाला? हसू तसंच गिळलं.

वेल्ह्याला मी शाळेत शिकवत होते आणि एका शेतकऱ्याच्या घरात एक खोली घेऊन एकटी राहत होते. तिथं येण्याचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या पत्रिकेत कडक मंगळ. भोरला स्थळं यायची, पोहे खाऊन जायची, मग नकाराचा निरोप यायचा. शेजारच्या बायका हळहळायच्या, आणि त्या हळहळीनं माझं डोकं फिरायचं. तोरण्याच्या पायथ्याला तरी माझी पत्रिका कुणाला ठाऊक नसेल, म्हणून ही नोकरी धरली. इथं लग्नाचं कुणी विचारतसुद्धा नव्हतं. सुटले बाई, असं मी समजत होते. पण शाळा सुटली की खोलीत येऊन भिंतींशी बोलायचं, ही असली ती सुटका.

त्या संध्याकाळी मात्र राहवेना. घरमालकीण ओट्यावर पावटे सोलत होती. तिच्याजवळ बसून मी कादंबरीची सुरुवात वाचून दाखवली. कुणीतरी माझ्याबरोबर हसावं, एवढंच मला हवं होतं.

ती हसली नाही. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंगळाचा हाय म्हनता? लगीन झालंय का त्याचं?"

"तसं काही अजून आलं नाही पुस्तकात."

"कुठनं हुनार? मंगळ असल्याव कोन पोरगी देतंय! पर तुमास्नी चालतोय की वो बाई." आता ती खुदकन हसली.

मीही हसले. हसता हसता थांबले.

"माझं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माजं म्हायार भोराकडंच की. समद्या गावाला ठावं हाय. म्हनून तर कुनी काय इचारत न्हाई तुमास्नी."

तिच्या आवाजात तीच हळहळ. भोरची, जशीच्या तशी.

"वाचा की फुडं," ती म्हणाली. मी पान उलटलं, मग पुस्तक मिटून डोळे पुसले. तिनं पावट्यांचं सूप बाजूला सारलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "उगी, पोरी."

गावात आल्यापासून मला 'बाई' सोडून कुणी काही म्हटलं नव्हतं. त्या शब्दानं बरं वाटायला हवं होतं. मला मात्र एवढंच कळत होतं, की आता लपायला कुठलं गाव उरलं नाही.