चहातला फरक

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जुन्नरच्या एका कॉलेजात मी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेत होतो. तिथे एक यंत्र होतं. काचेच्या नळीत पातळ पदार्थ भरायचा, त्यातून उजेड सोडायचा. पदार्थाने किती उजेड गिळला त्याचा आकडा समोर दिसायचा. आमच्या नातेवाइकांचा मात्र असा समज होता, की कशात काय मिसळलंय ते हे यंत्र सांगतं.

एकदा मढ गावचे माझे चुलते औषधाच्या बाटलीत कोरा चहा घेऊन आले. पिणारा गडी. हल्ली दारूचे दोन घोट पोटात गेले की उलटी व्हायची, छाती धडधडायची. संशय चुलतीवर होता. दारू सोडवायच्या पुड्या तेव्हा बाजारात सर्रास मिळत. चहात टाका, पिणाऱ्याला पत्ता लागत नाही, असं विकणारा सांगायचा.

"लाव तुझ्या मशीनला," चुलते म्हणाले. "काय निघालं तर तिला आणे गावात तिच्या बापाकडं सोडून येतो. परत आणणार न्हाई."

बोलले की ते करून दाखवत, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं.

नुसत्या त्या बाटलीवरून काही कळलं नसतं. चहा मुळातच भरपूर उजेड गिळतो. त्याच घरचं पाणी, तीच पावडर, तोच गूळ, पण पुडी नसलेला चहा शेजारी लावून फरक बघावा लागतो. चुलते शेतावर असताना मी मढला गेलो आणि चुलतीला म्हणालो, "काकू, तू पितेस तो चहा दे थोडा." कशाला, असं तिने विचारलं नाही. बाटली भरून दिली.

दोन्हींचा आकडा सारखा आला. पुन्हा लावून पाहिलं, तरी सारखाच. मला हायसं वाटलं. चुलत्यांना सांगितलं, दोघांचा चहा एकच आहे. ते जरा ओशाळले आणि तो विषय तिथंच मिटला.

रविवारी चुलतीला हे सांगायला गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"एकच असणार," ती म्हणाली. "पुडी मी पातेल्यातच टाकते."

"आणि तूही तोच पितेस?"

"मग? त्या पुडीत काय असतंय कुणाला ठावं. बाधली तर दोघांना बाधू दे. त्यांच्या मागं एकटी ऱ्हाऊन मी काय करू?"

मला तिचा राग आला. पुडी बंद कर, एवढंच म्हणालो. "बघते," म्हणत ती उठली आणि माझ्या चहासाठी तिने फळीवरचं दुसरं पातेलं काढलं.