कुमुदांचे टब

गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शेजारच्या काकांनी टबांत कुमुदं लावली आहेत. "पांढरं फूल ऊन चढलं की मिटतं, निळं तेव्हाच उघडतं. लाल मात्र हट्टी, दुपारपर्यंत मिटत नाही," असं सांगताना ते माझ्या छोट्या मुलीच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून ठेवतात. मला हसू यायचं.

परवा निळं फूल दाखवायला त्यांनी मूठ सोडली आणि मुलगी दिसेनाशी झाली. मी हाका मारत जिन्याकडे धावले. काकांनी हाक मारली नाही. ते एकेका टबात कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपत होते. पानं फाटत होती.

मुलगी जिन्यातच बसली होती. तिला कडेवर घेऊन मी वर आले.

"सापडली, काका."

"हो, ही सापडली," तिच्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि उरलेल्या टबात हात घातला.