बोका, कावळा आणि आईचं ‘धप्प’

सिंगापुरात येऊन मला नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत एकच काम मी शंभर टक्के तडीस नेलं : साठ वाद्यांचा एक अख्खा वाद्यवृंद मी गप्प केला. तोही माऊसच्या एका क्लिकने!

(कंपनीत मी ‘सोल्यूशन्स आर्किटेक्ट’ आहे. म्हणजे काय, ते घरात कोणालाच ठाऊक नाही. रविवारी मलाही आठवत नाही.)

मला जुन्या अमेरिकन कार्टून्सचं वेड आहे. हॉलिवूडच्या भरभराटीच्या काळात मुख्य चित्रपटाआधी थिएटरात दाखवायचे ना, ती सात-सात मिनिटांची, एकेक चित्र हाताने काढलेली. त्यातली एक मालिका माझ्या विशेष जिव्हाळ्याची. एक गर्विष्ठ बोका आणि एक बेरकी कावळा. बोका कावळ्याला धरायला जातो आणि पडतो. बस्स, कथानक संपलं! पण पडतो कसा! शिडीवरून, छपरावरून, एकदा तर पियानोसकट. आणि अख्ख्या कार्टूनमध्ये कोणी चकार शब्द बोलत नाही. सगळं काम संगीत करतं. बोका जिना चढू लागला की व्हायोलिनंही त्याच्याबरोबर पायऱ्या चढतात, आणि तो घसरला की झांजा, ढोल, तुताऱ्या असा सगळा संसार त्याच्या डोक्यावर कोसळतो.

तेव्हा माझी आई साताऱ्याहून काही महिन्यांसाठी आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये आली होती. माझी आठ वर्षांची मुलगी रेवा शाळेतून आली की आजी-नात सोफ्यावर मांडी ठोकून बोका-कावळा बघायच्या. तिथपर्यंत उत्तम. पण आईने तीस वर्षं बालवाडी चालवलेली. गप्प बसून काही बघणं हे तिच्या अभ्यासक्रमातच नाही!

“आला मेला बोका! दबकत दबकत, दबकत दबकत... अगं, शेपटी! शेपटी दारात अडकली! कर्रर्र... फटॅक्! गेला! धप्प!”

“आई, अगं त्यात संगीत आहे. ते ऐक ना. धप्प त्यांनी वाजवलंय.”

“वाजवू देत की. मी कुठे त्यांना नको म्हणतेय?”

अशात एकदा लिफ्टमध्ये मिसेस लिम भेटल्या. आमच्या ब्लॉकमधले सगळे कार्यक्रम त्या करतात आणि त्यांना ‘नाही’ म्हणणारा माणूस अजून या बेटावर राहायला आलेला नाही. शाळांना सुट्टी लागतेय, शनिवारी दुपारी खालच्या हॉलमध्ये मुलांना काहीतरी दाखवायचंय, असं त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, “माझ्याकडे जुनी क्लासिक कार्टून्स आहेत. मी सगळं बघतो. आधी एक छोटंसं भाषणही करतो.”

“छोटंसं हं?” मिसेस लिमनी भिवया उंचावल्या.

“अगदी छोटंसं!”

सव्वीस स्लाइड्स झाल्या.

“सव्वीस?” माझी बायको अनघा ओरडलीच. ती तांजोंग पगारला बँकेत आहे, त्यामुळे आकडा तिला बरोबर टोचतो. “अरे मुलं आहेत ती, मिलिंद! ऑडिटर नाहीत!”

पण मला आता स्फुरण चढलं होतं. नुसतं कार्टून दाखवणं हे कोणीही करील. जुन्या ध्वनिमुद्रणात खरखर फार असते. मी ठरवलं, खरखर काढायची. मग ऑफिसातून आलो की कानाला हेडफोन लावून मी तीन आठवडे आवाज धूत बसलो. थोडी खरखर काढली. आणखी थोडी काढली. मग फायनल फाइल तयार केली आणि ती पुन्हा ऐकून बघितली नाही. (आपल्या कामावर माणसाचा विश्वास असावा!)

शनिवारी निघताना आईला बजावलं, “आज तिथे आवाज करायचा नाही हं. सगळ्या प्रकारचे लोक असतील. मनातल्या मनात बघायचं.”

“मनात कसं बघतात रे? मी आपली डोळ्यांनी बघते,” आई म्हणाली आणि चप्पल घालून पुढे झाली.

हॉल गच्च भरला होता. साठेक माणसं, त्यात निम्मी मुलं. पहिल्या रांगेत तिसऱ्या मजल्यावरचे हमीद अंकल. आयुष्यभर टॅक्सी चालवून निवृत्त झालेले, आणि आता प्रत्येक कार्यक्रमाला पहिले येणारे. त्यांच्या शेजारी आई, हात मांडीवर घट्ट धरून. पडदे ओढले आणि मी सुरू झालो. मुलं पाचव्या स्लाइडला चुळबुळली, बाराव्या स्लाइडला एकमेकांना चिमटे काढू लागली. सोळाव्या स्लाइडला हमीद अंकल घोरू लागले. शेवटी मी स्वर उंचावून म्हणालो, “तेव्हा लक्षात ठेवा! चित्र हे या कार्टूनचं शरीर आहे. आवाज हा त्याचा आत्मा आहे!”

आणि प्ले दाबलं.

बोका आला. शिडी लावली. चढला. आत्म्याचा पत्ता नव्हता!

आवाज थोडा कमी होता असं नव्हे. काहीच नव्हतं. खरखरसुद्धा नव्हती. माझं काम चोख झालं होतं!

अर्थात हे तेव्हा मला कळलं नाही. मी वायर काढली, फुंकर मारली, परत घातली. स्पीकरला दोन चापट्या दिल्या. मिसेस लिम अंधारातून म्हणाल्या, “नो साउंड, आह?” मी म्हणालो, “एक मिनिट! स्पीकरचा दोष आहे. ब्लूटूथने जोडतो.” जोडलं. स्पीकर टुण् करून जागा झाला. माझा चेहरा उजळला. पण तो स्पीकर आमच्याच घरचा, त्यामुळे तो जोडला गेला अनघाच्या फोनला. आणि अनघा नेमकी तेव्हा तिच्या आईचा आलेला व्हॉइस मेसेज कानाशी लावत होती.

साठ माणसांच्या हॉलमध्ये माझ्या सासूबाईंचा खणखणीत आवाज घुमला : “अनू, जावईबापूंचं पोट साफ झालं का गं? नसेल तर ते चूर्ण दोन चमचे दे. एका चमच्याने त्यांचं काही होणार नाही!”

अनघाने फोन पर्समध्ये खुपसला. क्षणभर मला वाटलं, निभावलं. मराठी कळणारे आम्हीच चौघं! तेवढ्यात हमीद अंकल जागे झाले आणि मागे वळून त्यांनी रेवाला विचारलं, “काय म्हणाली ती बाई?”

रेवा मोठ्या आवाजात, शाळेत उत्तर द्यावं तशी सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “पापाज स्टमक गॉट प्रॉब्लेम. मस्ट टेक टू स्पून, लाह!”

हॉलमध्ये हशा पिकला. दुपारचा पहिला हशा. तो मी मिळवला होता असं म्हणायला हरकत नाही.

मी पुन्हा कार्टून सुरू केलं, आवाजाशिवाय, आणि टेबलाखाली वायरींच्या जंजाळात शिरलो. वर शांतता पसरली. मुक्या बोक्याचं पडणं बघायला कोणाला मजा येणार? कुठे खुर्ची करकरली, कुठे कोणी जांभई दिली. मिसेस लिम कुजबुजल्या, “आधी करी पफ वाटून टाकू का?” करी पफ हा शेवटचा खाऊ, म्हणजे कार्यक्रमाचा शेवट! टेबलाखाली मला घाम फुटला.

आणि तेवढ्यात पडद्यावर बोका शिडीच्या शेवटच्या पायरीवर पोचला. कावळ्याने शिडीचा एक खिळा उपसला. शिडी डुलली. आणि...

“धप्प!!”

मी टेबलाखालीच डोळे मिटले. आई!

कुठलंसं पोर खुदकन हसलं. मग दुसरं. पडद्यावर बोका उठला, आणि आईच्या घट्ट धरलेल्या हातांनी तिची साथ सोडली. “उठला मेला! दबकत दबकत... दबकत दबकत... सुळ्ळकन् आत! कावळा टुण्णकन् वर! आणि बोका? धाड् धाड् धाड् धाड्... खळ्ळ्! फुटली बरणी!”

आता मुलं खुर्च्यांवर उभी होती. हमीद अंकलनी मांडीवर थाप मारून विचारलं, “आंटी, व्हॉट इज दॅट धाप?”

आईला इंग्रजी जेमतेम, पण बालवाडी पुरेपूर. ती पदर खोचून पडद्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि अर्ध्या मिनिटात तिने हॉल वाटून टाकला. खिडकीकडची मुलं : “टुण्!” दाराकडची मुलं : “धप्प!” आयाबाया : “सुळ्ळकन्!” आणि मागच्या रांगेतले सगळे आजी-आजोबा : “अरेरे!” हाताने खूण केली की आवाज. मूठ मिटली की चिडीचूप. मिसेस लिमना ‘धप्प’ काही जमेना, त्या ‘डॅप’ म्हणायच्या. तर आमची रेवा, जिला मराठीत बोल म्हटलं की इंग्रजीत उत्तर येतं ती रेवा, उठून त्यांच्यापाशी गेली आणि ठासून म्हणाली, “नॉट डॅप, आंटी. ध. धप्प. तोंडातून वारा आला पाहिजे.”

दुसऱ्या कार्टूनमध्ये बोका पियानोसकट जिन्यावरून आला. आईने दोन्ही हात वर केले, थांबवले, आणखी थांबवले, आणि खाली आणले. साठ गळ्यांतून असा काही ‘धप्प’ निघाला की पडद्याची कड हलली! आणि त्या पाठोपाठ मागून एका चिनी आजोबांचा एकट्याचाच आवाज आला, “अरेऽरे...” चार वर्षं मी त्यांना लिफ्टमध्ये बघतोय, नुसती मान हलवायचे. असं हळहळलेलं ‘अरेरे’ मी साताऱ्यातही ऐकलं नव्हतं.

मी टेबलाखालून अर्धा बाहेर आलो होतो. मला सांगायला हवं होतं, “आई, बस आता.” पण मी वायर हातात धरून तसाच बघत राहिलो. घरून निघताना याच बाईला मी ‘मनात बघ’ म्हणालो होतो. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईला मी उगाचच सांगितलं, “दॅट इज माय मदर.” तिने माझ्याकडे न बघताच म्हटलं, “श्श्श!”

आणि नेमकी तेव्हाच माझी अक्कल परत आली. वायर ठीक, स्पीकर ठीक. गडबड माझ्या त्या धुतलेल्या फाइलमध्ये होती! मूळची, खरखर असलेली फाइल लॅपटॉपवर होतीच. मी ती शोधली, लावली, आवाज पूर्ण वर केला आणि टेबलापाशी ताठ उभा राहून विजयी स्वरात ओरडलो, “साउंड इज बॅक!”

साठ वाद्यं एकदम कडाडली. व्हायोलिनं, तुताऱ्या, झांजा, सगळा आत्मा!

आईचे हात हवेतच राहिले. हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. अशा नजरेने माझ्याकडे आजवर कोणीही बघितलेलं नाही. (आणि मी क्लायंटच्या मिटिंगमध्ये नऊ वर्षं काढली आहेत!)

“मिस्टर मिलिंद,” मिसेस लिम थंडपणे म्हणाल्या, “कॅन ऑफ ऑर नॉट?”

मी आवाज बंद केला. टाळ्या झाल्या. माझ्या तांत्रिक कौशल्याला आयुष्यात पडलेल्या त्या एकमेव टाळ्या.

करी पफच्या वेळी आईभोवती गर्दी होती. हमीद अंकल तिच्याकडून ‘सुळ्ळकन्’ शिकत होते. मी जवळ गेलो आणि म्हणालो, “आई, निघताना मी जे बोललो ते...”

“ते राहू दे रे. तुझं भाषण छान झालं हो,” ती म्हणाली. “मला त्यातलं काही कळलं नाही, पण तू उभा छान होतास.”

सोमवारी मिसेस लिमचा फोन आला. पुढच्या शनिवारी पुन्हा कार्यक्रम, शेजारच्या दोन ब्लॉक्सची मुलंही येणार. “तुमची आई मोकळी आहे ना?”

“आहे ना! आणि मीसुद्धा मोकळा आहे,” मी लगबगीने म्हणालो.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “ओके, ओके. खुर्च्या मांडायला माणूस लागेल.”

शंभर खुर्च्या मी एकट्याने मांडल्या. अभिमानाने सांगतो, त्यातली एकही माझ्या हातून मोडली नाही. रांगा तेवढ्या आईने सगळ्या मोडून पुन्हा लावून घेतल्या.