ओसीआय कार्डवाल्या दादाचं भूमिपूजन

मंडळी, आज गिरणारे गावात मी एक पेढा अगदी चवीने खाल्ला. सांगतेच.

माझा चुलत भाऊ विकीदादा अमेरिकेत असतो. चार वर्षांपूर्वी माझा टुरिस्ट व्हिसा नाकारला गेला, तेव्हा घरच्या लग्नात तो भर पंगतीत म्हणाला, "अगं, व्हिसा म्हणजे काय सिन्नरची एसटी आहे का, हात केला की थांबायला?" अख्खी पंगत हसली. मी ताटावरून उठले.

आता साहेबांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, भारतीय पासपोर्ट जमा केलाय. मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "द्राक्षबाग घेतोय. फार्महाऊसच्या भूमिपूजनाला या." मी वकिलांच्या ऑफिसात रोज खरेदीखतं टाईप करते. पण मला कोणी विचारलं नाही, मीही गप्प बसले.

आज नारळ फुटला, पेढे वाटले. माझा पेढा संपवून मी विचारलं, "दादा, खरेदीखत कोणाच्या नावावर होणार?"

"माझ्याच! ओसीआय कार्ड आहे ना. मी इथलाही नागरिकच."

"नाही रे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. ते नागरिकत्व नाही, आयुष्यभराचा व्हिसा आहे. तू इथे व्हिसावर आलायस, दादा."

या वेळी बाग विकणाऱ्या शेतमालकासकट सगळे हसले.

निघताना त्याची आई, म्हणजे माझी काकू, चिडून म्हणाली, "आधी सांगायचं ना गं! चारचौघांत कशाला?"

त्या पंगतीत काकू माझ्या शेजारीच बसली होती. तेव्हा तिने हे दादाला का नाही विचारलं? सांगा बरं.