शून्य खड्ड्यांचा रस्ता

फॉर्मवर एकच रकाना भरायचा उरला होता: खड्ड्यांची संख्या. मी नाल्याच्या काठावर उभी राहून खड्डे शोधत होते, आणि इथे रस्ताच सापडेना.

सोबत बाबूरावभाऊ होते, आमच्या उपविभागाचे मैलकुली. मैलकुली म्हणजे काही किलोमीटरचा रस्ता ज्याच्या अंगावर असतो तो माणूस. झुडपं छाटायची, कडा भरायच्या, ही त्याची कामं. तंबाखू मळता मळता ते म्हणाले, "मॅडम, रस्ता इथीच संपते. खरं म्हटलं तं सुरूच झाला नाई."

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात प्रशिक्षणार्थी होते. गोंडपिपरीची पोरगी, सिव्हिलचा डिप्लोमा. वर्षभर शिकायचं आणि शेवटी डेप्युटी साहेबांनी, म्हणजे उपअभियंत्यांनी, 'काम समाधानकारक' असं लिहून द्यायचं. तालुका गडचिरोलीकडचा, एवढंच सांगते. मी अजून याच खात्यात आहे, आणि असल्या गोष्टी खातं विसरत नाही.

तेव्हा खड्डेमुक्तीची मोहीम जोरात होती. प्रत्येक रस्ता पायी चालून खड्डे मोजायचे. आमच्या नोंदवहीत हा रस्ता अगदी ठणठणीत: साडेचार किलोमीटर, डांबरी, बारमाही. बारमाही म्हणजे भर पावसातही चालू राहणारा. प्रत्यक्षात फर्लांगभर मुरूम, पुढे सागाच्या जंगलातून पायवाट, मग नाला. गाव नाल्यापलीकडे.

पलीकडून हातात चप्पल घेऊन रुखमाबाई आल्या, गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई. त्यांनी सांगितलं की पावसात नाला भरला की गाव बंद. मागच्या साली कळा लागलेल्या एका बाईला खाटेवर घालून इथवर आणलं, पाणी उतरायची वाट पाहिली, आणि ती काठावरच मोकळी झाली. लेकरू गेलं. यंदा त्यांची स्वतःची लेक दीपा पोटुशी होती. दिवस श्रावणात भरत होते.

रस्ता मागून मागून गाव थकलं होतं. दर वेळी उत्तर एकच, तुम्हाला रस्ता दिलेला आहे. रुखमाबाई हे सगळं न रागावता सांगत होत्या. माझं मात्र डोकं सणकलं.

रकान्यात मी लिहिलं, 'रस्ता आढळला नाही.' डेप्युटी साहेबांनी चष्मा काढला.

"रस्ता म्हणजे काय बकरी आहे, आढळायला?"

"साहेब, तिथे रस्ताच नाही."

"नोंदवहीत आहे. दरवर्षी त्याच्यावर सह्या होतात. माझी पण आहे. तू चार महिन्यांची, तुला दिसला नाही म्हणून तो नाही का? आकडा मागितलाय, आकडा लिही."

मग मी आकडा लिहिला. शून्य. त्यात खोटं काहीच नव्हतं. रस्ता नाही तिथे खड्डा पडेल कुठून?

जिल्ह्याची यादी तयार झाली, आणि आमचा न झालेला रस्ता तिच्यात पहिला आला. साडेचार किलोमीटर, एक खड्डा नाही. मोठे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, इतके खूश झाले की असा रस्ता बघायला स्वतः येतो म्हणाले. इतर तालुक्यांना दाखवायला फोटोही हवे होते. डेप्युटी साहेबांचा चेहरा पडला. उभं राहण्यासारखा थोडा तरी भाग आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, फर्लांगभर आहे. "फर्लांगभरात फोटो होतो," त्यांनी स्वतःचीच समजूत घातली.

झाला नाही. मोठ्या साहेबांना पूर्ण रस्ता बघायचा होता. गाडी मुरमावर थांबली, ते उतरून चालू लागले आणि पायवाटेने थेट नाल्यावर आले. रुखमाबाई तिथे आधीच उभ्या होत्या. त्यांना मी बोलावलं नव्हतं, असं मी तेव्हाही सांगितलं. निरोप बाबूरावभाऊंनी दिला होता.

मोठे साहेब म्हणाले, ही नोंद आजच काढून टाका आणि नवीन रस्त्याचा प्रस्ताव पाठवा. आता डेप्युटी साहेबांना कंठ फुटला. नोंद काढली की चौकशी लागणार, इतक्या वर्षांच्या सह्यांची. आणि नवीन रस्ता म्हणजे वनजमीन, म्हणजे वनखात्याची परवानगी, म्हणजे फाइल वर्षानुवर्षं फिरणार. दुर्दैवाने यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

रुखमाबाई पदर सावरून पुढे आल्या. "साहेब, कागदावर रस्ता आहे नं? मंग मोडला म्हणून लिवा. मोडलेला रस्ता तं तुमी दुरुस्त करता. मंग याले काऊन नाई?"

माझ्यासकट तीन तीन अभियंते उभे होते तिथे, पण हे कोणाला सुचलं नव्हतं. जुन्या रस्त्याच्या दुरुस्तीला नव्याने वनजमीन मागावी लागत नाही. चौकशीही होत नाही. ज्या थापेने गावाला इतकी वर्षं अडवलं, तीच आता एकुलती एक कामाची नोंद होती. ज्याने तो रस्ता कागदावर बांधला तो मात्र सुखरूप सुटला, हे मला आजही टोचतं.

'विशेष दुरुस्ती' मंजूर झाली. पावसाळ्याआधी मुरूम पडला, रोलर फिरला, नाल्यावर पाइपची मोरी, म्हणजे छोटा पूल, झाली. श्रावणात अॅम्ब्युलन्स रुखमाबाईंच्या दारापर्यंत गेली. दीपाला मुलगी झाली, दवाखान्यात, कोरड्या खाटेवर. फोन आला तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले.

पुढच्याच महिन्यात मला मेमो. तुमच्या पाहणीत खड्डे शून्य असताना लगेच विशेष दुरुस्ती का लागली, खुलासा करा. मेमो द्यायला डेप्युटी साहेब स्वतः टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "काहीतरी लिही बाई." मी लिहिलं की पाहणीनंतर रस्ता अचानक खराब झाला. खुलासा मान्य झाला. काम समाधानकारक ठरलं. रस्ता नाही असं आमच्याकडे कोणी ऐकून घेत नाही. बिघडला म्हटलं की लगेच पटतं.

नोंदवहीत तो अजून डांबरीच आहे, डांबराचा थेंब न पडता. दीपाची पोरगी आता त्यावर पळते. मागच्या पावसाळ्यात रुखमाबाईंचा फोन आला. नात पडली, गुडघा फुटला, असं सांगत होत्या, पण आवाजात काळजी काही जाणवेना.

"मॅडम, आमच्या रस्त्याले खड्डा पडला."

मी दुसऱ्या दिवशी गेले, मोजला, आणि रकान्यात लिहिलं, एक.