चार किलोला पाच मग

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये सोयराबाई वीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. हल्ली डोळे अधू झाले आणि वजनकाट्यावरचे आकडे दिसेनासे झाले. काम जाईल या धास्तीने त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी एका सकाळी त्यांनी कोठार सांभाळणाऱ्या अनिलकुमारला गाठलं.

“अण्णा, मला काटा दिसत नाही. या मगात काठोकाठ राजमा किती बसतो, तेवढं तोलून सांगा.”

“आठशे ग्रॅम, अक्का.”

“म्हणजे चार किलोला पाच मग.”

त्यांनी तळहाताने सपाट करत पाच मग मोजले. अनिलकुमारने सगळा राजमा काट्यावर ओतला. चार किलो भरून वर जेमतेम मूठभर दाणे उरले.

“सरी, बरोबर आहे,” तो म्हणाला, “आता चवळीचंही माप ठरवू.”

सोयराबाईंनी हसून चवळीचा डबा पुढे ओढला.